कापसावर तरंगणारं टिनाचं घर

"हे पोरगी मुकी हाय काय, भाऊ?"

मी पडद्याच्या पलीकडे होते. पासपोर्ट फोटोसाठी स्टुलामागे निळा पडदा सोडतात, त्याच्या मागच्या बाजूला माझं टेबल आणि कॉम्प्युटर. विचारणारी बाई काउंटरशी उभी होती. आत येताना तिनं मला दोनदा काहीतरी विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी फक्त मान हलवली होती.

"मुकी नाही हो मावशी," संजूभाऊ म्हणाले. स्टुडिओ त्यांचा. "अमरावतीची हाय, इंग्लिश शाळेतली. बोलाचं काम माहं, कराचं काम तिचं."

"मंग बरं हाय," बाई म्हणाली. "मले आइकनारं मानूस पायजे. बोलनारे लय झाले."

माझं काम म्हणजे मिक्सिंग. अकोल्याच्या जुन्या शहरात कोणत्याही स्टुडिओत हा शब्द चालतो. दोन, चार, दहा फोटोंमधून तुकडे घेऊन एक फोटो करायचा, आणि तो एकाच क्षणी, एकाच जागी काढलाय असं वाटलं पाहिजे. वास्तुपूजेच्या फोटोत नसलेले आजोबा उभे करायचे. बाळाला चंद्रावर निजवायचं. बॅनरवर वाढदिवसवाल्या दादांच्या मागे वाघ आणि वीज आणायची. मी अमरावतीला डिझाइनचा कोर्स केला तेव्हा वेगळ्या गोष्टी करायचे. नळातून मासे पडताहेत, संत्र्याच्या बागेत झाडांना खिडक्या लागल्या आहेत, असली चित्रं. पुण्यात मुलाखतीला गेले. तिथे चित्रं बघून लोक खूश झाले आणि मग मला बोलायला सांगितलं. तिथून परत आले. अकोल्याला मावशीचं घर आहे, आणि तिच्या ओळखीनं संजूभाऊंचा स्टुडिओ मिळाला.

बोलण्याचं म्हणाल तर आमच्या शाळेत एक छोटी पाटी होती. वर्गात कोणी मराठी बोललं की ती त्याच्या गळ्यात. दुसरं कोणी बोलताना सापडेपर्यंत तिथेच. मी त्यावर एक सोपा उपाय शोधला होता, आणि तो मला इतका जमला की शाळा सुटल्यावरही सुटला नाही.

भाऊंना माझ्या गप्प राहण्याची अडचण नव्हती. त्यांच्या दुकानात एकच नियम होता. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. कोणी काहीही मागो, भाऊंचं उत्तर ठरलेलं असायचं, "होऊन जाईन." मग ते पडद्याआड येऊन हळूच विचारायचे, "होईन ना बेटा?" आणि मी मान हलवायचे. बहुतेक वेळा व्हायचंही.

एका माणसाला घरच्या अल्बममधून साडू काढून टाकायचा होता. भांडण झालं होतं. "असा काढ का तो जन्मालेच आला नव्हता," असं त्यानं सांगितलं. साडू काढणं सोपं होतं, पण त्याचा हात या माणसाच्या मुलाच्या खांद्यावर होता. मी हातही काढला, खाली शर्टाची घडी बसवली, रंग जुळवला. एक गोष्ट मात्र राहिली. हाताच्या वजनानं मुलाचा तो खांदा थोडासा खाली गेलेला होता. तो मला वर आणता येईना. वर आणला की मुलगा वाकडा दिसायचा. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र आजही तो फोटो आठवला की खांदाच आधी दिसतो.

एकदा बाळापूरकडचे एक आजोबा आजीला घेऊन आले. दोघांना बर्फाच्या डोंगरासमोर उभं करायचं होतं, कधी जाणं झालं नाही म्हणून. मी केलं. आजोबांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बर्फ जरा कमी कर, बाई. इले थंडी वाजंन." मी आजीच्या खांद्यावर शाल घातली. मग त्यांचं समाधान झालं. आजी म्हणाल्या, "घरी कधी पांघरून नाई घातलं यानं." सगळं दुकान हसलं. मीही.

या कामाचे असे दिवसही असतात, हे आधी सांगायला हवं. कारण यापुढे जे सांगणार आहे त्यात तसं काही नाही.

मला मुकी समजलेली ती बाई म्हणजे कांताबाई. बार्शीटाकळीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवतात. त्यांचा एकुलता एक मुलगा यश त्याच शाळेत होता. सहावीत असताना पावसाळ्यात तापानं तो गेला. कांताबाई त्यानंतरही तिथेच खिचडी शिजवत राहिल्या, त्याच्या वर्गाला वाढत राहिल्या.

भाऊंना वाटलं, हाराचा फोटो करायचा असेल. कांताबाईंनी डोकं हलवलं.

"हाराचा हाय घरी. मले सपनातला पायजे."

पडदा बाजूला करून त्या सरळ माझ्या टेबलाशी आल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"सांगतो तुले. माहं घर टिनाचं हाय. त्याच्या चारी बाजूनं कापूसच कापूस. पानी चढावं ना, तसा वळचनीपर्यंत कापूस चढेल हाय. घर त्याच्यावर हालून राह्यलं, डोंग्यावानी. आन् वरतं टिनावर यश बसेल हाय. पाय खाली कापसात सोडून. हातात सायकलचा टायर. जरा तिरका, पाठ माह्याकडं. मी आवाज देतो, यशू, यशू. तो फिराले लागते. आता फिरनार, आता फिरनार... आन् मले जाग येते."

माझ्या मनात आलं, रोज? त्यांना ते दिसलं असावं.

"रोज नाई येत. पन येते. मी वाट पाहतो त्याची. जागेपनी काई रायलं नाई आता, त्याच्यातच भेटतो आमी." मग म्हणाल्या, "पन एखांद्या दिवशी हे सपन बंद झालं तं? म्हनून फोटो पायजे. होते काय?"

"होऊन जाईन," पडद्यापलीकडून भाऊ म्हणाले.

कॉलेजात असली चित्रं मी हौस म्हणून करत होते. इथे पहिल्यांदाच कोणीतरी खरोखर पाहिलेली अशी गोष्ट घेऊन आलं होतं.

मिक्सिंग म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा समजा. सगळ्यांत खालच्या काचेवर आभाळ, त्यावर घर, त्यावर माणूस. प्रत्येक काचेवर फक्त हवा तेवढा भाग दिसू द्यायचा, बाकीचा झाकायचा. कांताबाईंना पडद्यावर हे दिसत होतं आणि भाऊ त्यांना समजावत होते, "पाह्यलं का मावशी, इथं आमी काई पुसत नाही. झाकतो फक्त. पुसलं का गेलं. झाकलेलं कवाही उघडता येते." कांताबाईंनी ते अगदी लक्ष देऊन ऐकलं होतं. मला तेव्हा ते जाणवलं नाही.

आणखी एक गोष्ट. मिक्सिंगमधली चूक चेहऱ्यात सापडत नाही, पायाशी सापडते. माणूस जमिनीवर नीट उभा नसेल तर पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण विश्वास बसत नाही. फोटोतली गोष्ट अशक्य असेल तर हे आणखीच सांभाळावं लागतं. कापसावर घर तरंगत असेल तर घराच्या वजनानं कापूस दबलेला दिसला पाहिजे. पाय कापसात असतील तर तिथे खळगा पडला पाहिजे.

घराचे फोटो कांताबाईंच्या शेजारणीच्या सुनेनं मोबाइलवर पाठवले. कापसासाठी भाऊ मला त्यांच्या ओळखीच्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, घेऊन गेले. आवारात कापसाचे डोंगर होते. मी वरून, खालून, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढले. मग चप्पल काढून कापसात पाय बुडवले आणि काढून त्या खळग्यांचेही फोटो घेतले. तिथले हमाल बघत होते. एक जण म्हणाला, "मॅडम, गादी भराची हाय काय?"

यशचे फोटो दोनच होते. एक शाळेचा, सगळ्या पोरांचा, त्यात त्याचं तोंड अंगठ्याच्या नखाएवढं; घरचा हाराचा फोटो त्यातूनच मोठा केलेला, नुसता धुरकट. दुसरा नात्यातल्या एका लग्नातला. पंगतीत वाढणाऱ्या माणसाच्या आड तो अर्धा उभा, एका बाजूनं. पण पाठमोऱ्या मुलाला चेहरा लागत नाही. डोकं, मान, शर्ट आणि पाय लागतात. डोक्याबद्दल कांताबाईंनी बजावून सांगितलं होतं, "त्याले दोन भोवरे होते. मी म्हनो त्याले, तू दोन बायका करशीन, मले कोन पाहीन?" मी दोन भोवरे केले. पायांसाठी स्टुडिओच्या गच्चीवरच्या टिनावर मी स्वतः बसले, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय खाली सोडून. भाऊंनी खालून, मागच्या बाजूनं तिरका फोटो काढला. मी बारीक आहे, उंचीही बेताची. थोडं सावळं करून, गुडघ्यावर एक खरचटल्याचा डाग घालून ते पाय यशला लावले.

कांताबाई पाहायला आल्या. स्क्रीनवर घर तरंगत होतं, पांढऱ्या कापसावर सावली पडली होती, आणि टिनाच्या टोकावर तो पाठ करून बसला होता.

त्यांनी स्क्रीनला हात लावला, खालच्या बाजूला.

"पाय त्याचेच हायेत," त्या म्हणाल्या. "कोनी नाई म्हनून दाखवा. पाय त्याचेच हायेत."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी की-बोर्डकडे पाहिलं.

तो फोटो त्यांनी चुलीसमोरच्या भिंतीवर लावला. नंतर कधी अकोल्याला आल्या की दुकानात डोकावायच्या, मला शेंगदाण्याचा लाडू द्यायच्या आणि सांगायच्या, काल आला होता, परवा आला होता. फोटो लावल्यापासून स्वप्न आणखीच स्पष्ट झालं होतं. टायरला लागलेली माती दिसते म्हणाल्या. भाऊ शेजारच्या दुकानदारांना सांगायचे, आमची पोरगी सपनाचे फोटो काढते. मला बरं वाटायचं. मी खोटं कशाला बोलू? मला वाटलं होतं की आपल्याला येत असलेल्या एकुलत्या एका गोष्टीचा कोणाला तरी उपयोग झाला.

मग उन्हाळ्यानंतर शाळा सुरू झाली, आणि कांताबाई आल्या त्या वेगळ्याच आल्या. स्टुलावर बसल्या.

"त्याच्या वर्गातले पोट्टे सातवी होऊन मोठ्या शाळेत गेले," त्या म्हणाल्या. "आता खिचडीले येतात त्याच्यातलं कोनी त्याच्या वर्गातलं नाई. मी एकलीच रायली." मग त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "पोरी, त्याले माह्याकडं फिरव. किती दिवस पाठ पाहू?"

"होऊन जाईन, मावशी," भाऊ म्हणाले. "हारातल्या फोटोलेही तोंड समोरच लागते."

मला तेव्हा काही खटकलं असं आता म्हणता येईल, पण ते खरं नाही. मला फक्त एवढंच वाटलं की काम अवघड आहे. तोंड नखाएवढं आणि दुसरं अर्धं.

भाऊंनी आधी मोबाइलवरच्या एका अॅपमध्ये शाळेचा फोटो टाकून पाहिला. हल्ली लोक त्यावर वारलेल्या वडिलांना हसवतातसुद्धा. अॅपनं क्षणात एक मुलगा काढून दिला. तुकतुकीत गाल, सरळ भांग, पांढरे दात. कांताबाईंनी पाहिलं आणि मोबाइल परत दिला. "हा कोनाचा पोरगा हाय? साबनाच्या जाहिरातीतला?"

मग मी हातानं करायला घेतलं. लग्नातल्या फोटोतला अर्धा चेहरा वाढवला. तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लावून पाहिला, पण कोणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. तसं केलं की चेहरा मेल्यासारखा दिसतो. दुसऱ्या बाजूसाठी मी कांताबाईंचाच फोटो काढला. हनुवटी त्यांची घेतली, लहान केली. डावा डोळाही त्यांचाच. अनेक दिवस मी तेच करत होते. एक दिवस असा आला की स्क्रीनवरचा मुलगा माझ्याकडे पाहत होता आणि मला जागेवरून उठावंसं वाटलं.

त्यापेक्षा चांगलं काम मी आजवर केलेलं नाही. हे मी अभिमानानं सांगतेय की कसं, ते मलाही माहीत नाही.

कांताबाई आल्या. स्क्रीनवर यश टिनावर बसला होता, मान वळवून, सरळ त्यांच्याकडे पाहत. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पदर नीट केला, कोणी घरी आल्यावर करतात तसा. मग म्हणाल्या, "दे." फ्रेम छातीशी धरून बसस्टँडला गेल्या.

त्यानंतर लाडू घेऊन कोणी आलं नाही. मी भाऊंना एकदोनदा विचारावं म्हटलं आणि विचारलं नाही.

या वर्षी दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाचे गमतीदार अनुभव लिहा, असं मला सांगण्यात आलं. गमतीदार होते तेवढे वर लिहिले. मी अजून त्याच टेबलाशी बसते. अल्बम करते, बॅनर करते, बाळं चंद्रावर निजवते. चेहरे मात्र करत नाही. ते भाऊ मोबाइलवर करून देतात. लोकांना आवडतात. तक्रार घेऊन कोणी परत येत नाही.

फोटो नेला त्याच वर्षी कांताबाई परत आल्या, तेव्हा शेतांतला कापूस फुटला होता. रस्त्यानं जिनिंगकडे गाड्या चालल्या होत्या. त्यांनी फ्रेम चादरीत गुंडाळून सुतळीनं बांधून आणली होती. ती काउंटरवर न ठेवता त्या थेट पडदा सारून आत आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवली. काच खालच्या बाजूला.

"तो येत नाई," त्या म्हणाल्या.

मी सुतळीची गाठ सोडायला घेतली.

"हा फोटो लावला तवापासून एकडावही नाई आला. मी लवकर झोपून पाह्यलं. दुपारचं झोपून पाह्यलं. उपाशी झोपून पाह्यलं. कापूस नाई, घर नाई. काईच नाई."

भाऊ आत आले होते. "सपन काय आपल्या हातात असते काय, मावशी? येईन."

"काहून येईन?" त्या भाऊंवर ओरडल्या नाहीत, साधं विचारलं. "फिराचा रायला होता म्हनून येत होता. फिरला आता. मीनंच फिरवला. आता त्याचं काय काम रायलं माह्यापाशी?"

दुकानात पासपोर्ट फोटोसाठी एक बाई मुलीची वेणी घालत बसली होती. तिचे हात थांबले.

"त्याले होता तसा कर," कांताबाई मला म्हणाल्या. "पाठ कर त्याची."

ते काम क्षणाचं होतं. जुनी काच तशीच होती. खरंच, आम्ही काही पुसत नाही. मी चेहऱ्याची काच बंद केली आणि पाठीची उघडली. यश वळला. दोन भोवरे परत आले. पाय तर हललेच नव्हते, तसेच कापसात होते.

कांताबाई पुढे वाकून पाहत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"हा तो नाई," त्या म्हणाल्या.

"तोच हाय, मावशी," भाऊ म्हणाले. "बिलकुल तोच हाय. पयलावाला. एक रेघही बदलली नाही."

"तवा त्यानं मले पाह्यलं नव्हतं, भाऊ. यानं पाह्यलं. पाहून तोंड फिरवलं."

मी स्क्रीनकडे पाहिलं, आणि मलाही तेच दिसलं. त्यात काहीही बदललेलं नव्हतं. तीच मान, तेच खांदे. पण आता तो वळणार नव्हता. ते मुलाच्या पाठीत स्पष्ट दिसत होतं, आणि ती पाठ मी माझ्या हातानं केली होती.

भाऊंनी पाण्याचा ग्लास आणला. कांताबाईंनी तो हातात धरला, प्यायल्या नाहीत.

"डोये मिटले का आता तुवालं तोंड येते," त्या मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तू केलेलं. चांगलं हाय. पन माह्या यशचं होतं ते, खरंवालं, ते त्याच्या खाली गेलं. आठवाले गेलो का हेच येते. ताप असताना कसा दिसे, ते नाई आठवत. शायेत जाताना नाई आठवत." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "भाऊ म्हनले होते, तुमी पुसत नाई, झाकता. झाकलेलं उघडता येते म्हने."

भाऊंनी तो ग्लास उचलला.

"मंग एवढं कर, माय. त्या मशिनीतलं राहू दे. माह्या डोक्यातलं हे वरचं काढ. खालचं उघडून दे मले. होते काय?"

"होऊन जाईन, मावशी," भाऊंच्या तोंडून सवयीनं निघालं.

कांताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या, डाव्या डोळ्यानं आणि उजव्या डोळ्यानं. त्यातला एक मी फार जवळून ओळखत होते.

"भाऊले नाई विचारत मी. करनारी तू हाय. तू सांग."

मी मान हलवायला गेले. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आता आठवत नाही. कांताबाईंनी माझी हनुवटी धरली आणि मान हलू दिली नाही.

"तोंडानं सांग."

"नाई होत, मावशी," मी म्हणाले. "माह्याच्यानं नाई होत. कोनाच्याच्यानं नाई होत."